सातच्या बातम्या, परक्याचे कान

नमस्कार श्रोतेहो.

मार्च संपत आला की जपानच्या टीव्हीवर एक बातमी हमखास दिसते. टोक्योतल्या यासुकुनी मंदिराच्या आवारात चेरीचं एक ठरावीक झाड आहे. हवामान खात्याचे अधिकारी त्या झाडाखाली उभे राहतात, मान वर करून फुलं मोजतात, आणि भोवती कॅमेऱ्यांचा हा गराडा. पाच-सहा फुलं उमललेली दिसली की अधिकारी जाहीर करतात, टोक्योत साकुरा उमलला. कमी भरली तर सगळे माघारी जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तिकडे गेल्यावर पहिल्यांदा ही बातमी बघितली तेव्हा मला हसू आवरेना. सरकारी माणूस फुलं मोजतो आणि देश श्वास रोखून बघतो! आता मीच पोळी तव्यावर टाकून टीव्हीसमोर येऊन उभी राहते. पोळी करपते, तो भाग वेगळा.

मी टोक्योच्या पूर्वेला, एदोगावा वॉर्डात, निशी-कासाई भागात राहते. टोक्योतले भारतीय सगळ्यांत जास्त तिथेच आहेत. स्टेशनातून बाहेर पडलं की कुठून तरी फोडणीचा वास येतो आणि कानावर तमिळ, हिंदी, मराठी पडतं. तिथल्या बातम्या आमच्यासारखा बाहेरून आलेला माणूस कसा ऐकतो, त्याबद्दल आज थोडं बोलणार आहे. माझं निरीक्षण असं आहे की परक्याचे कान अख्खी बातमी ऐकत नाहीत. ते आधी बातमीतली एकच गोष्ट शोधतात. ती सापडली की मग बाकीची बातमी.

भूकंपाचं घ्या. टीव्हीवर कुठलाही कार्यक्रम चालू असो, एक छोटी घंटी वाजते आणि पडद्याच्या वरच्या कडेला पट्टी येते. त्या पट्टीत माझे डोळे आधी आकडा शोधतात. आपण इकडे रिश्टर विचारतो. जपानमधला माणूस विचारतो शिंदो किती. भूकंपाची एकूण ताकद एकच असते, पण शिंदो गावागणिक वेगळा. तुमच्या पायाखालची जमीन किती हलली, ते तो सांगतो. शून्यापासून सातपर्यंत जातो, त्यात पाचचे आणि सहाचे दोन-दोन भाग, म्हणजे एकूण दहा पायऱ्या. तीन असेल तर दिवा डोलतो, लोक क्षणभर वर बघतात आणि पुन्हा जेवायला लागतात. मग पट्टीवर ते वाक्य येतं, या भूकंपामुळे त्सुनामीची भीती नाही. एवढं वाचलं की खांदे सैल पडतात.

तोवर पुण्याहून सासूबाईंचा फोन आलेला असतो. त्यांच्या टीव्हीवर लाल अक्षरांत ‘जपान हादरलं’ असतं, आणि भूकंप झालेला असतो होक्काइदोला. म्हणजे टोक्योपासून आठशे-हजार किलोमीटरवर. सासूबाईंना मी नकाशा समजावून देते, त्या ‘हो हो’ म्हणतात, आणि पुढच्या खेपेला पुन्हा फोन येतोच. त्यांचंही बरोबर आहे. त्यांच्या लेखी जपान म्हणजे आम्ही राहतो ते घर.

1 जानेवारी 2024 ची गोष्ट मात्र वेगळी. जपानमध्ये ती सणाची दुपार. लोक गावी गेलेले, घरोघरी सणाचं जेवण. दुपारी 4 वाजून 10 मिनिटांनी नोतो द्वीपकल्पात 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला. काही ठिकाणी शिंदो सात, म्हणजे शेवटची पायरी. एरवी एन-एच-के या सार्वजनिक वाहिनीचे निवेदक इतके शांत बोलतात की आग लागल्याची बातमीसुद्धा दूध उतू गेल्यासारखी वाटावी. त्या दिवशी निवेदिका अक्षरशः ओरडत होती. आत्ताच्या आत्ता पळा. मागे फिरू नका. 2011 च्या त्सुनामीत शांत आवाजातला इशारा ऐकून बरेच लोक जागचे हलले नाहीत, म्हणून त्यानंतर या वाहिनीने इशारा देण्याची रीतच बदलली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘त्सुनामी! पळा!’ असं लिहिलेलं, तेही चिनी चित्रलिपीत नाही, तर लहान मुलं पहिल्यांदा शिकतात त्या सोप्या लिपीत. माझ्यासारखीला ते एका नजरेत वाचता आलं.

यामागे एक इतिहास आहे. 1995 मध्ये कोबे शहर भूकंपात उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथल्या परदेशी रहिवाशांना पाणी कुठे मिळतंय, निवारा कुठे आहे, हेच कळत नव्हतं. सूचना होत्या, पण त्यांतलं जपानी फार जड. त्यातून भाषेच्या अभ्यासकांनी ‘सोपं जपानी’ घडवलं. लहान वाक्यं, रोजचे शब्द. आज एन-एच-के रोजच्या काही बातम्यासुद्धा अशा सोप्या भाषेत देते आणि प्रत्येक चित्राक्षरावर त्याचा उच्चार छापते. मी तिथलं वाचन शिकले ते शाळेत कमी आणि त्या बातम्यांवर जास्त.

आमच्या वॉर्डाचा तर सरळपणा विचारूच नका. एदोगावाचा सुमारे 70 टक्के भाग भरतीच्या वेळी पाण्याच्या पातळीखाली असतो. 2019 च्या मे महिन्यात वॉर्डाने पुराच्या धोक्याचा नवा नकाशा काढला. मुखपृष्ठावर वॉर्डाचं चित्र आणि त्यावर लिहिलेलं, इथे राहू नका. पूर आला तर वॉर्डाबाहेर पडा, असा त्याचा अर्थ. नगरपालिकाच आपल्या रहिवाशांना सांगते की आमच्याकडे थांबू नका, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. लोकांनी त्या मुखपृष्ठाची चेष्टाही केली. पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हागिबिस हे प्रचंड वादळ आलं, तेव्हा तो नकाशा ड्रॉवरमधून काढून जेवणाच्या टेबलावर पसरला गेला.

आता जरा भाताकडे वळू, कारण आपल्या मंडळींना तो विषय जवळचा. 2025 च्या वसंतात जपानमध्ये पाच किलो तांदळाची पिशवी चार हजार येनांच्या वर गेली. वर्षभरापूर्वीच्या जवळजवळ दुप्पट. मार्चपासून सरकारने राखीव साठा बाहेर काढला, तरी भाव उतरेना. अशात मे महिन्यात कृषिमंत्री एतो एका सभेत बोलून गेले की मी कधी तांदूळ विकत घेतलेलाच नाही, समर्थक भरपूर आणून देतात. तीन दिवसांत मंत्रिपद गेलं. त्यांच्या जागी शिंजिरो कोइझुमी आले आणि साठ्यातला जुना तांदूळ पाच किलोला दोन हजार येनांच्या आसपास दुकानांत आला. त्यासाठी सकाळपासून रांगा. आम्ही भारतीय तोवर हे सगळं कडेला उभं राहून बघत होतो, कारण आमचा बासमती आणि सोना मसुरी भारतीय दुकानातून येतो आणि आयातकरामुळे तो महागच असतो. पण त्या दिवसांत सुपरमार्केटात रिकाम्या फळीसमोर उभ्या असलेल्या एका आजींनी मला विचारलं, तुमचा तो लांब तांदूळ कसा शिजवतात हो? एवढ्या वर्षांत कुणी अनोळखी माणसाने तिथे आपणहून विचारलेला माझ्या आठवणीतला हा पहिला प्रश्न.

आणि मंत्र्याचं म्हणाल, तर मला गंमत वाटली ती त्या तीन दिवसांची. फुकटचं धान्य घरी येतं एवढं बोलल्यावर खुर्ची जाते, हे ऐकून कोल्हापूरचे माझे बाबा फोनवर बराच वेळ काही बोललेच नाहीत.

आता जी बातमी ऐकताना पोटात गोळा येतो तिच्याबद्दल. गुन्ह्याची बातमी. कुठे चोरी, कुठे चाकूहल्ला. जपानमध्ये संशयित परदेशी असेल तर नावाच्या आधी बहुतेक वेळा त्याचं राष्ट्रीयत्व सांगतात. अमुक देशाचा नागरिक, वय इतकं. निवेदक त्या शब्दापाशी पोहोचेपर्यंत आमच्या घरात कुणी हलत नाही. भारत नसू दे, एवढंच मनात. भारत नसला की सुस्कारा सुटतो, आणि लगेच त्या सुस्काऱ्याची लाजही वाटते. कारण त्याच क्षणी शेजारच्या इमारतीतलं व्हिएतनामी किंवा नेपाळी कुटुंब तेच ऐकत असतं. 8 जुलै 2022 ला नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा ऑफिसातल्या जपानी सहकाऱ्यांना धक्का बसला होता, मलाही बसला होता. भारतात दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय दुखवटा पाळला गेला. पण खरं सांगायचं तर पहिल्या काही मिनिटांत आम्हा परदेशी लोकांच्या नजरा एकमेकांना हेच विचारत होत्या, कोणी केलं? हल्लेखोर जपानीच आहे हे कळल्यावर आमचं दुःख मोकळं झालं.

याच्या उलटही घडतं. 2019 च्या एप्रिलमध्ये आमच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले. भारतात जन्मलेला माणूस जपानमध्ये निवडणूक जिंकण्याची ती पहिली वेळ, आणि तो मराठी. त्या दिवशी बातमीत भारताचं नाव यावं म्हणून कान टवकारलेले होते!

गेल्या काही काळात मात्र परदेशी माणूस हा बातमीचा विषयच झाला आहे. 2024 च्या अखेरीस जपानमध्ये सुमारे 37 लाख 70 हजार परदेशी रहिवासी होते. 20 जुलै 2025 च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत ‘जपानी माणूस आधी’ अशी घोषणा देणाऱ्या सान्सेइतो या छोट्या पक्षाने 14 जागा जिंकल्या. रोज संध्याकाळी टीव्हीवर चर्चा, आमच्याबद्दल. आम्ही कर किती भरतो, दवाखान्याची बिलं बुडवतो का, घरं विकत घेतो का. चर्चा करणाऱ्यांत आमच्यातलं कुणी क्वचितच. आपल्याच घरी बसून स्वतःबद्दलची पंचायत ऐकायची, हा अनुभव मोठा विचित्र असतो. पुढे ऑक्टोबरमध्ये व्यवसाय चालवणाऱ्यांच्या व्हिशासाठी लागणारं भांडवल 50 लाख येनांवरून थेट 3 कोटी येनांवर गेलं. लहान रेस्टॉरंट चालवणाऱ्या कितीतरी भारतीय-नेपाळी लोकांसाठी ती बातमी भूकंपाहून कमी नव्हती. या बातमीला शिंदो नसतो, पण आमच्या गल्लीत ती सातचीच होती.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अफवेचा एक नमुनाही पाहिला. जपानच्या जायका या सरकारी संस्थेने चार जपानी शहरांना चार आफ्रिकी देशांचं ‘होमटाउन’, म्हणजे ‘आपलं गाव’, असं नाव दिलं. उद्देश साधा, देवाणघेवाणीचा. पण आता त्या देशांतले लोक इथे लोंढ्याने राहायला येणार, अशी हाकाटी इंटरनेटवर उठली. नायजेरियाच्या सरकारी निवेदनात खास व्हिशाचा उल्लेख आल्याने तेल ओतलं गेलं. त्या नगरपालिकांचे फोन दिवसभर खणखणत राहिले, आणि महिन्याभरात सगळी योजना मागे घेतली गेली.

मला तेव्हा राहून राहून 1923 आठवत होतं. टोक्योच्या महाभूकंपानंतर वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या जळाल्या, खरी बातमी मिळेना, आणि कोरियन लोक विहिरींत विष टाकतायत अशी अफवा पसरली. त्यात हजारो कोरियन मारले गेले. खात्रीची बातमी घरोघर पोहोचायला हवी, ही गरज त्यानंतर फार तीव्रतेने जाणवली, आणि 22 मार्च 1925 ला टोक्योत जपानचं पहिलं रेडिओ प्रसारण सुरू झालं. रेडिओवरून बोलताना हे सांगावंसं वाटलं.

आणि गंमत बघा. 2025 च्या त्या निवडणुकीनंतर बरोबर दहा दिवसांनी, 30 जुलैला, रशियाच्या कामचात्काजवळ 8.8 तीव्रतेचा भूकंप झाला. जपानच्या पॅसिफिक किनाऱ्यावर त्सुनामीचा इशारा लागला. ज्या टीव्हीवर आदल्या आठवड्यात ‘हे परदेशी लोक’ असं चाललं होतं, तिथेच सकाळी सोप्या जपानीत, इंग्रजीत सूचना येऊ लागल्या. किनाऱ्यापासून दूर जा, उंचावर जा. आम्ही पुन्हा विषय नव्हतो, श्रोते होतो. लाट सुदैवाने मीटरभराच्या आसपासच आली.

जाता जाता कामाची एक गोष्ट. तुमचं कुणी जपानमध्ये असेल आणि मोठ्या भूकंपाची बातमी आली, तर लगेच फोन करू नका. लाईन तुंबतात आणि ज्याला मदत हवी त्याचा फोन लागत नाही. एक छोटा संदेश पाठवा आणि उत्तराची वाट बघा. त्यांना आधीच सांगून ठेवा की 171 हा क्रमांक जपानमध्ये आपत्तीच्या वेळी आवाजी निरोप ठेवण्यासाठी आणि ऐकण्यासाठी आहे, सरावासाठी तो दर महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला चालू असतो. आणि बोलणं झालंच, तर पहिला प्रश्न विचारा, तुमच्याकडे शिंदो किती? सासूबाईंना मी हे शिकवलंय. त्या आता शिंदो विचारतात, आणि उत्तर ऐकायच्या आत म्हणतात, ‘बरं, जेवलात का?’

नमस्कार.