पाचवा रकाना

[दृश्य : पहाट. पंचगंगा घाट. पाण्यावर धुकं, दीपमाळा.]

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. या चार नद्या प्रयाग चिखलीला भेटतात आणि कोल्हापूरला येईपर्यंत त्यांची पंचगंगा झालेली असते. पाचवी कुठली, असं विचारलं तर घाटावरची म्हातारी माणसं सांगतात, सरस्वती. ती गुप्त आहे.

[दृश्य : पाठीला पत्र्याचे डबे बांधून पोहायला शिकणारी पोरं.]

मे महिना लागला की पेठांमधली पोरं इथंच पोहायला शिकतात. काठावर कुणाचा तरी मामा ओरडत उभा असतो. याच घाटावर, खालून तिसऱ्या पायरीवर, त्या दिवशी चपलांचा एक जोड होता.

[दृश्य : चपला. कॅमेरा हलत नाही. दहा सेकंद निवेदन नाही.]

[दृश्य : बोट, दोर, गळ.]

अग्निशमन दलाचे जवान सकाळपासून पाण्यात आहेत. गळ टाकायचा, ओढायचा, चार हात पुढं सरकायचं, पुन्हा टाकायचा. दुपारी दोर जड लागला. त्यानंतरचं आम्ही चित्रित केलेलं नाही.

[दृश्य : मांडीवर पॅड घेऊन लिहिणारा हात.]

वर्दी मिळाली की पोलीस ठाण्यात ए.डी. दाखल होते, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली व्हायचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194 लागू आहे. पंच बोलावतात. अंगावरचे कपडे, खिशातल्या वस्तू, शरीरावरच्या खुणा, सगळं एकेक करून लिहितात. मग हवालदार नातेवाइकांकडे वळतात.

"काका, कुणावर संशय हाय काय?"

"न्हाई साहेब. पाय घसरला असणार. शेवाळ हाय पायऱ्यांवर."

कागदावर उतरतं : पाय घसरून, तोल जाऊन पाण्यात पडून बुडून मयत.

[दृश्य : शेवाळलेली पायरी, जवळून.]

शेवाळ खरंच आहे. आमच्या कॅमेरामनचाही पाय तिथं सरकला. चपला मात्र एकमेकींना लावून नीट ठेवलेल्या होत्या. पण पोहायला उतरणारा माणूसही चपला अशाच ठेवतो. तिसरं कुणी तिथं होतं का, हे पायरी सांगत नाही. म्हणजे त्या दुपारी घाटावर उभ्या असलेल्या कुणालाच, आम्हालाही, काय झालं ते माहीत नव्हतं. वाक्य मात्र पूर्ण झालं होतं.

[दृश्य : सीपीआर रुग्णालयाचा आवार. बाकावर बसलेली माणसं, पाठमोरी.]

शवविच्छेदन होतं. व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या संपृक्त द्रावणात राखून ठेवतात, बरणीला लाखेचा शिक्का लागतो. पोलिसांच्या तोंडी यापुढचा शब्द असतो सी.ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. पोटात विष होतं का, दारू होती का, हे प्रयोगशाळा सांगते.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली डायटम. काचेच्या नक्षीसारखे आकार.]

आमच्याकडचं सगळ्यात सुंदर चित्र हेच आहे, आणि ते इथं यावं याचं वाईटही वाटतं. हे डायटम. नदीच्या पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ, सिलिकाचं कवच असलेलं. बुडताना माणूस जिवंत असेल, तर हृदय चालू असतं. फुप्फुसात शिरलेल्या पाण्याबरोबर हे डायटम रक्तात जातात आणि हाडाच्या मगजापर्यंत पोचतात. म्हणून मांडीचं हाड तपासतात. तिथं ते सापडले, तर माणूस जिवंतपणी पाण्यात गेला, असं म्हणायला आधार मिळतो. तो घसरला, उतरला की ढकलला गेला, हे हाडाला ठाऊक नसतं. शास्त्र इथवर येऊन थांबतं. पुढचं घरातल्या, शेजारच्या, कामावरच्या माणसांना विचारावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

[दृश्य : कोरा फॉर्म 4. बोट एकेका ओळीवरून फिरतं.]

मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी फॉर्म 4, बाहेरच्यासाठी 4 ए. फॉर्म 4 मध्ये मृत्यूच्या प्रकाराचे पाच रकाने आहेत : नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, खून. आणि पाचवा, तपास प्रलंबित.

हा माहितीपट त्या पाचव्या रकान्यासाठी आहे.

[दृश्य : संगणकाचा पडदा, सांकेतांकांची यादी.]

जगभर मृत्यूची कारणं एका आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार मोजतात. त्याच्या दहाव्या आवृत्तीत अपघाताने बुडण्याला डब्ल्यू 65 ते डब्ल्यू 74 हे संकेत आहेत. स्वतःहून बुडण्याला एक्स 71. कुणी बुडवलं असेल तर एक्स 92. आणि वाय 21 म्हणजे बुडाला, पण हेतू ठरवता आला नाही. वाय 10 ते वाय 34 हा सगळा गट अशाच मृत्यूंसाठी राखून ठेवला आहे. वर्गीकरण करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती, आणि त्यांनी तिला जागा दिली.

पण दाखल्यावर नुसतं 'बुडून मृत्यू' एवढंच असेल, तर ती नोंद वाय 21 मध्ये जात नाही. ती अपघातात जाते. कुणी खोटं लिहिलेलं नसतं. फक्त एक शब्द लिहायचा राहिलेला असतो.

[दृश्य : मृत्यू नोंदणीची जाडजूड रजिस्टरं, कपाट.]

मृत्यूची माहिती 21 दिवसांत नोंदवायची असते. तोवर तपास संपलेला असेलच असं नाही. पुढं सी.ए. रिपोर्ट येतो तो तपास अधिकाऱ्याच्या फायलीत. नोंदणीच्या टेबलावर तो आपोआप चालत येत नाही. कायद्यात नोंद दुरुस्त करायची सोय आहे, पण ती मागणार कोण? घरचे? त्यांना 'अपघात' हाच शब्द हवा असतो. गावात तोंड दाखवायचं असतं, अपघाती विम्याचे कागद द्यायचे असतात. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं कलम 309 पोटात भीती ठेवून गेलं. नव्या भारतीय न्याय संहितेत ते नाही, भीती आहे. त्यांना आम्ही दोष देणार नाही.

[दृश्य : दोन आकडे, काळ्या पडद्यावर.]

2010 साली पोलिसांच्या नोंदींवरून देशात 1,34,599 आत्महत्या मोजल्या गेल्या. घरोघरी जाऊन नातेवाइकांना विचारून केलेल्या मोठ्या अभ्यासाचा त्याच वर्षाचा अंदाज होता सुमारे 1,87,000. इंग्लंड आणि वेल्समध्ये 15 वर्षांवरच्यांचे अनिश्चित हेतूचे मृत्यू आत्महत्यांच्या आकड्यात धरतात. तसं करावं की नाही यावर वाद होऊ शकतो. पण त्यासाठी आधी ते वेगळे लिहिलेले असावे लागतात.

[दृश्य : शिवाजी पूल, संध्याकाळची वाहनं. राजाराम बंधारा.]

कुठल्या पुलाला जाळी लावायची, कुठल्या पायरीवरचं शेवाळ खरवडायचं, समुपदेशक कुठं नेमायचा, हे या आकड्यांवरून ठरतं. एखादा खूनही 'पाय घसरून'मध्ये बुडून जाऊ शकतो.

[पडद्यावर अक्षरं : मन जड झालं असेल तर टेलि-मानस, 14416. दिवसरात्र, मराठीतही.]

[दृश्य : मुद्देमालाची खोली. फळीवर चपलांचा जोड, दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी.]

चिठ्ठीवर ए.डी.चा नंबर आहे. रिपोर्ट अजून यायचा आहे. नोंदणीच्या रजिस्टरात ओळ भरून झाली आहे.

[दृश्य : घाट. पाणी. निवेदन नाही.]