मडमबाईंची धुळाक्षरं

(पहाट. इंदूरची छावणी. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर पोह्यांची परात, वर वाफ. मागे रुग्णालयाचं फाटक.)

सकाळी सातला छावणीत आलात, तर आधी पोह्यांचा वास येतो. जिरावण, शेव, वर लिंबू. गाडीभोवती उभ्या असलेल्या निम्म्या लोकांचं कुणी ना कुणी याच भागातल्या मिशन हॉस्पिटलमध्ये जन्मलेलं असतं. माझी आजी तिथेच जन्मली. ती त्याला मिशनचा दवाखाना म्हणायची. तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या पणजीच्या तोंडी एकच नाव होतं, मडमबाईंचा दवाखाना.

कोण होत्या या मडमबाई? घरात नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मी शोधत गेले आणि पोचले थेट कॅनडातल्या किंग्स्टनला.

(जुना नकाशा. अटलांटिक, सुएझ, मुंबई.)

1883 साली एक मराठी मुलगी डॉक्टर व्हायला कोलकात्याहून बोटीत बसली. आनंदीबाई जोशी. ती गोष्ट आपल्याला पाठ आहे. त्याच सुमाराला समुद्राच्या पलीकडे, किंग्स्टनमध्ये, मुलींनी डॉक्टरी शिकू नये म्हणून वर्गातली मुलं पेटून उठली होती. कॉलेज सोडून जाण्याची धमकी त्यांनी दिली, आणि मुलींसाठी वेगळं वैद्यकीय कॉलेज उघडावं लागलं. ते सालही 1883 च. पुढच्या वर्षी तिथून ज्या पहिल्या तीन मुली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या, त्यांतली एक एलिझाबेथ बीटी. पदवी हातात पडली त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती इंदुरात होती.

एक तिकडे गेली, एक इकडे आली. दोघींनाही घरच्या माणसांनी एकच विचारलं असणार, एवढ्या लांब कशाला?

बीटीचं उत्तर तिच्या धर्मात होतं. ती मिशनरी होती. कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन चर्चचं मिशन 1877 साली इंदुरात सुरू झालं. त्याच्या आदल्या वर्षी टोरंटोत तिथल्या बायकांनी परदेशी मिशनसाठी स्वतःची संस्था काढली होती. त्यांच्या वर्गणीवर या मुली येत. येशूची गोष्ट सांगायला येत, आणि ते त्या लपवत नव्हत्या. आपणही लपवू नये. ती श्रद्धा वजा केली तर हाती नुसती डॉक्टर उरते, आणि नुसती डॉक्टर कॅनडात राहूनही जगली असती.

(पाताळपाणी. धबधबा. घाटातला मीटरगेज रूळ.)

मुंबईला उतरायचं, आगगाडीनं खंडव्याला यायचं, तिथे गाडी बदलायची. होळकर सरकारनं एक कोटीचं कर्ज देऊन बांधवलेला रूळ तेव्हा नवा होता. मोरटक्क्याला नर्मदा ओलांडायची, मग काळाकुंड, पाताळपाणी असा घाट चढत महू, आणि मग इंदूर. आजही पावसाळ्यात हौशी लोक त्या घाटात गाडीनं जातात. मी हे चित्रण करत होते तेव्हा डब्यात पोरं खिडकीला लटकून ओरडत होती. मला मात्र दिसत होती बर्फाच्या देशातली एक मुलगी, काळ्या लोकरी कपड्यांतली, ट्रंकेत औषधांच्या बाटल्या, आणि पुढे काय वाढून ठेवलंय याचा पत्ता नाही.

पुढे वाढून ठेवली होती धुळाक्षरं.

मिशनरी होऊन आलेल्या कुणालाही पहिलं काम होतं ते शिकण्याचं. सकाळी ऊन चढायच्या आत पंडित यायचे. क, ख, ग. त ला ट नाही म्हणायचं, द ला ड नाही म्हणायचं. परीक्षा असायच्या आणि त्यात नापासही होता यायचं. इंदुरात तर एका भाषेत भागतच नाही. बाजारात माळवी, कचेरीत मोडीतले कागद, वाड्यांच्या आत मराठी. देवाची गोष्ट सांगायला निघालेल्या माणसाला 'पाणी' आणि 'पानी' यांत महिना घालवावा लागतो, तेव्हा आतलं बरंच काही गळून पडत असणार. आपल्याकडे सांगण्यासारखं आहे हा भरवसा सगळ्यात आधी.

मला वाटतं, मिशनरीचा खरा अभ्यास इथे सुरू होतो. बायबलचं प्रवचन पाठ असून उपयोग काय, समोरच्या बाईला 'दुखतंय कुठे' हे नीट विचारता येत नसेल तर?

दिवस मोठे असत. पहाटे प्रार्थना, मग भाषा, मग दवाखाना. दुपारी टांग्यातून घरोघर. रात्री कंदिलाच्या उजेडात पत्रं, आणि त्यांची उत्तरं यायला महिने. मे महिन्यात दिवसभर अंग भाजायचं, पण माळव्याची रात्र निवते. त्या गार वाऱ्यानं यांनाही झोप दिली असेल, एवढंच मी म्हणेन.

(राजवाडा. सराफ्याकडे जाणारी गल्ली.)

सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं असंही नाही. भर बाजारात उभं राहून प्रवचन करण्यावरून तुकोजीराव होळकरांच्या दरबाराचे आणि मिशनचे खटके उडाले. दरबाराची बाजूही समजून घ्यायला हवी. आपल्या राज्यात आपल्या रयतेच्या देवाधर्मावर परका बोलणार, आणि त्याच्या पाठीशी रेसिडेन्सीतला गोरा साहेब. कुणाला रुचेल? मिशनच्या आतही वाद होते. बायका राबणार आणि ठरवणार पुरुष, हे त्या बायकांनी मुकाट्यानं मान्य केलं नाही.

वाड्यांचे दरवाजे मात्र प्रवचनानं उघडले नाहीत. ते उघडले बाळंतपणानं.

पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायची नाही अशी घरं. बाई अडली, सुइणीनं हात टेकले, की कुणीतरी धावत छावणीकडे जायचं. 1886 साली बीटीच्या जोडीला मॅरियन ऑलिव्हर आली, तीही किंग्स्टनच्याच कॉलेजातली. 1891 मध्ये बायकांचं रुग्णालय उभं राहिलं. बीटीची तब्येत तोवर ढासळली होती, तिला परतावं लागलं. ऑलिव्हरनं जवळजवळ पंचवीस वर्षं इंदुरात काढली.

(मल्हारगंज. जुन्या वाड्याचा लाकडी जिना, शेवटची अंधारी खोली.)

आता पणजीची गोष्ट. ती आजीकडून माझ्यापर्यंत आली, आणि आजी ती सांगताना आवाज खाली आणायची.

ही आमच्या वाड्यातली बाळंतिणीची खोली. खिडकी नाही. खाली शेगडी, ओव्याची धुरी. पणजीचं हे तिसरं बाळंतपण, पहिली दोन मुलं गेलेली. दोन दिवस झाले तरी सुटका होईना. पणजोबांनी सासूबाईंचा राग पत्करून मडमबाईंना बोलावलं. सोवळ्याचं घर. मडम स्वयंपाकघरावरून जाणार कशी? मग सासूबाईंनीच तोड काढली. बाळंतिणीच्या खोलीत तसाही विटाळच, तिथे मडम गेली तर बिघडलं काय?

एवढ्यावर मडमबाई आत आल्या. त्या खोलीत दोघीही शिवायच्या नव्हत्या, एक आडवी पडलेली आणि एक तिच्यापाशी गुडघे टेकून बसलेली.

शुभवर्तमानात एक बाई आहे, बारा वर्षं रक्तस्राव होत असलेली. तिच्या धर्माच्या नियमानं तिनं कुणाला शिवायचं नाही. ती गर्दीतून मागून येते आणि येशूच्या वस्त्राला हात लावते. येशू तिला झिडकारत नाही, 'मुली' म्हणतो. कॅनडातल्या रविवारच्या शाळेत ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली असते. ऐकताना आपण कोण असतो? बरं करणाऱ्याच्या बाजूला उभे असतो. मल्हारगंजात येऊन कळतं की आपणच ती, जिला शिवायचं नाही. आपण बाहेर पडलो की घर धुऊन काढणार आहेत, आणि हे ठाऊक असूनही हात थरथरू द्यायचा नाही. येशूनं शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, ते वाचणं वेगळं. आपल्या पावलांमागे लोक जमीन धुतात, हे सोसून दुसऱ्या दिवशी त्याच घरी यायचं, हे वेगळं. या मुलींना भक्ती शिकवली असेल तर या उंबऱ्यांनी शिकवली.

पणजी वाचली, मूलही वाचलं. मडमबाई रोज येत राहिल्या. पातळ औषध चालायचं नाही, कारण त्यात त्यांच्या हातचं पाणी. मग त्या कोरड्या पुड्या आणायच्या. कागद उलगडून पुडी दारात ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायचं. पणजी आपल्या घागरीचं पाणी घेऊन ती गिळायची. पणजी सांगे, मडमनं त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. वाटलं असेल. दाखवलं नाही.

प्रार्थना मात्र त्या करायच्या. मोडक्यातोडक्या मराठीत, डोळे मिटून, 'ह्या बाईला आणि लेकराला राख, देवा.' सासूबाई बाहेरून ऐकायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. आमच्या घरात कुणी ख्रिस्ती झालं नाही. मडमबाईंना त्याचं दुःख झालं असेल का? त्या ज्यासाठी आल्या होत्या ते तर इथे घडलं नव्हतं. पण म्हणून त्यांचं येणं थांबलं नाही, आणि हिशेबाची वही घेऊन त्या दारात कधी उभ्या राहिल्या नाहीत. पुढे माझ्या आजीच्या वेळेला पणजी स्वतःच्या पायांनी मिशनच्या दवाखान्यात गेली.

(रुग्णालयाचा व्हरांडा. पाळी बदलतेय. परिचारिका मान खाली घालून क्षणभर उभ्या.)

आजीच्या जन्मानंतर काही महिन्यांनी मडमबाई बाळाला बघायला घरी आल्या. वैशाखातली दुपार होती. या वेळी पणजीनं त्यांना ओसरीवर पाट दिला आणि आतून फुलपात्रात पाणी आणलं. या घरात त्यांना कुणी पाणी देण्याची ही पहिली वेळ.

मडमबाईंनी फुलपात्र ओठाला लावलं नाही. इतकी वर्षं आपल्या बायका कशा पाणी पितात ते त्यांनी पाहिलं होतं. मान मागे टाकून त्यांनी वरून धार धरली. निम्मं पाणी तोंडात गेलं, निम्मं पांढऱ्या कॉलरवर सांडलं आणि गळ्यातून खाली ओघळलं. त्यांना ठसका लागला. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या, मडमबाईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या,

"सावकाश प्या बाई. अजून आणते."