तोडलेला घुमारा: ऐंशीच्या दशकातला स्नेअर कसा घडला

(पडद्यावर: एकाखाली एक दोन ध्वनिलहरी.)

वरची लहर साध्या स्नेअर ड्रमची, म्हणजे ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमची. काठी पडली, लहर उंच गेली, मग मोठ्या खोलीतला घुमारा हळूहळू विरत दीड-दोन सेकंदांनी संपला. खालची लहर ऐंशीच्या दशकातल्या हिट गाण्यांच्या थाटाची. सुरुवात तशीच उंच, पण मागचा घुमारा उतरतच नाही. तो भरदारच राहतो आणि साधारण ३०० मिलिसेकंदांनी एकदम तुटतो. त्यानंतर शांतता.

याला म्हणतात गेटेड रिव्हर्ब, म्हणजे दार लावून तोडलेला घुमारा. त्या दशकातली गाणी पहिल्या दोन ठोक्यांत ओळखू येतात, त्यात याचा वाटा मोठा. आणि ज्या माइकमुळे हा आवाज सापडला, तो माइक रेकॉर्डिंगसाठी लावलेलाच नव्हता.

(पडद्यावर: लंडनचा नकाशा. शेफर्ड्स बुश, गोल्डहॉक रोड.)

टाउनहाउस स्टुडिओ. इथे ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमचं काम चालू होतं. हा अल्बम १९८० मध्ये आला. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट, ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम, आणि ड्रमवर गॅब्रिएलचा जेनेसिस बँडमधला जुना साथीदार फिल कॉलिन्स. ड्रम लावले होते ते दगडी भिंतींच्या खोलीत. तिथे टाळी वाजवली तरी ती अंगावर येते.

कंट्रोल रूममध्ये एसएसएल कंपनीचा ४००० बी कन्सोल, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज जिथे येतात आणि जुळवले जातात ते यंत्र. वादक आतून काय बोलतोय ते ऐकू यावं म्हणून खोलीत छताला एक माइक टांगलेला असतो, लिसन माइक. वादक कुठेही बसून पुटपुटला तरी कळलं पाहिजे, म्हणून त्या माइकवर कन्सोलमध्येच एक जबरदस्त कंप्रेसर जोडलेला. हळू आवाज वर ओढायचा, मोठा आवाज दाबायचा, एवढंच त्याचं काम. कॉलिन्स वाजवत असताना त्या माइकचं बटण दाबलं गेलं आणि बोलण्यासाठी बनवलेल्या त्या कंप्रेसरमधून अख्खा ड्रमसेट बाहेर आला.

आता हे नीट समजून घेऊ, कारण सगळी मेख इथेच आहे. ठोका पडताक्षणी कंप्रेसर तो दाबतो. ठोका ओसरायला लागला की कंप्रेसर पकड सोडतो आणि आवाज वर उचलतो. नेमका त्याच वेळी खोलीचा घुमारा उतरत असतो. एक उतरतोय, दुसरा उचलतोय, म्हणून घुमारा सपाट, भरदार राहतो. आणि या कन्सोलच्या प्रत्येक चॅनेलवर नॉइज गेटही होता. गेट म्हणजे ठरावीक पातळीखाली आवाज गेला की दार बंद करणारं सर्किट. सपाट घुमारा आणि पाठोपाठ बंद होणारं दार, दोन्ही एकत्र आले आणि तो चौकोनी आवाज तयार झाला.

अडचण एकच होती. लिसन माइकचा आवाज फक्त ऐकता यायचा, टेपवर घ्यायची सोय नव्हती. म्हणून स्टुडिओच्या तंत्रज्ञांकडून कन्सोलची अंतर्गत जोडणी बदलून घेतली.

(पडद्यावर: ड्रमसेट. झांजा एकेक करून फ्रेममधून नाहीशा होतात.)

गॅब्रिएलची एक अट होती: झांजा वाजवायच्या नाहीत. अट विक्षिप्त वाटेल, पण या आवाजासाठी ती फार कामाची ठरली. झांज कित्येक सेकंद झणझणत राहते. कंप्रेसर ती झणझण वर ओढतो, पातळी खाली येतच नाही, त्यामुळे गेट बंद होत नाही. झालंच तर झांजेच्या मधोमध बंद होतं आणि तो तुकडा कानाला बोचतो. ‘इंट्रूडर’ हे त्या अल्बममधलं पहिलं गाणं लावा. सबंध गाण्यात एकही झांज नाही.

पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, कॉलिन्सचं स्वतःचं ‘इन द एअर टुनाइट’ आलं. पॅजम इथेही सोबत होता. घरी आठ ट्रॅकवर, म्हणजे टेपच्या आठ वेगळ्या पट्ट्यांवर, केलेलं कच्चं रेकॉर्डिंग स्टुडिओत चोवीस ट्रॅकच्या टेपवर उतरवून त्यावर पुढचं काम झालं. सुरुवातीपासून मागे टिकटिकतं ते रोलंडचं सीआर-७८ हे रिदम मशीन. खरे ड्रम येतात ते साडेतीन मिनिटं उलटून गेल्यावर. कॉलिन्सचे टॉम, म्हणजे स्नेअर आणि बास ड्रम सोडून सेटमधले बाकीचे ड्रम, खालून उघडे; ताणलेलं पान एकाच बाजूला. त्यामुळे ठोका आखूड आणि ठसठशीत येतो, गेटला कापायला सोपा. ऐकायचं तर अल्बममधलंच ऐका. सिंगल म्हणून जी आवृत्ती निघाली तिच्यात ड्रम आधीपासूनच घातलेत. रेडिओसाठी ते ठीक असेल, पण साडेतीन मिनिटं वाट पाहायला लावण्याचा डावच त्यात वाया गेला.

(पडद्यावर: मुंबई, धोबीतलाव, रंगभवन.)

जाता जाता: मार्च १९८० मध्ये पोलीस या बँडनं मुंबईत रंगभवनला कार्यक्रम केला होता. स्ट्युअर्ट कोपलंडचे ड्रम तेव्हा मुंबईकरांनी उघड्या आभाळाखाली ऐकले, घुमायला ना भिंत ना छत. पुढच्या वर्षी हा बँड पॅजमकडे गेला. १९८३ च्या ‘सिंक्रॉनिसिटी’ या अल्बमसाठी कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटावरच्या स्टुडिओत कोपलंडचे ड्रम जेवणघरात लावले होते. चांगल्या खोलीच्या शोधात ही मंडळी कुठवर जायची, बघा.

पण दगडी खोली आणि तो कन्सोल सगळ्यांना कुठून परवडणार? इंग्लंडमधल्या बर्नली गावच्या एएमएस कंपनीनं आरएमएक्स १६ हे डिजिटल रिव्हर्ब यंत्र काढलं. त्यात ‘नॉनलिन’ नावाचा प्रोग्रॅम होता. बटण दाबा, तुटलेला घुमारा हजर. रॉजर लिनच्या ड्रम मशीनशी त्याची जोडी चांगली जमली. १९८० चं एलएम-१ आणि १९८२ चं लिनड्रम या दोन्हींत खऱ्या ड्रमचे साठवलेले कोरडे, म्हणजे बिनघुमाऱ्याचे, आवाज होते, आणि प्रत्येक ड्रमला वेगळा आउटपुट. फक्त स्नेअर रिव्हर्बकडे पाठवा, बाकी सगळं कोरडं ठेवा. एलएम-१ मध्ये क्रॅश झांज नव्हतीच, कारण लांबणारा आवाज साठवायला मेमरी महाग पडायची.

इथून पुढे मात्र दर दुसऱ्या गाण्यात तोच स्नेअर यायला लागला. खोली बदलली की आवाज बदलतो, बटण कोणीही दाबलं तरी तेच. नव्वदच्या दशकात कोरड्या ड्रमची आवड परत आली ती उगाच नाही.

(पडद्यावर: लॅपटॉप, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा मिक्सर.)

आता घरी करून बघायचं असेल तर. खरे ड्रम असतील तर स्नेअरजवळ एक माइक आणि दहा-बारा फुटांवर दुसरा, कडक भिंतीकडे तोंड करून. पडदे, गाद्या बाहेर काढा. लांबच्या माइकमध्ये आवाज नऊ ते अकरा मिलिसेकंद उशिरा पोचेल. स्क्रीनवर तो ट्रॅक मागे ओढून जुळवू नका. खोली मोठी वाटते ती त्या उशिरामुळेच.

ड्रम नसतील तर स्नेअरचा रेकॉर्ड केलेला नमुना आणि रिव्हर्ब प्लग-इन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, चालेल. वेगळा ऑक्झिलरी चॅनेल घ्या, म्हणजे स्नेअरची एक प्रत जिथे पाठवता येईल असा जोडचॅनेल. रिव्हर्बची लांबी दीड ते दोन सेकंद, मूळ आवाज पूर्ण बंद, फक्त घुमारा. त्यानंतर कंप्रेसर: रेशो (किती दाबायचं) २० ला १, अटॅक (किती लवकर पकडायचं) १ मिलिसेकंद, रिलीज (किती वेळात सोडायचं) ५० ते १०० मिलिसेकंद, आणि किती दाबलं ते दाखवणारा काटा १५ डेसिबल तरी खाली जाऊ द्या. एसएसएलनं त्या लिसन माइक कंप्रेसरचं प्लग-इन फुकट दिलं होतं, ते मिळालं तर उत्तमच. गेट सगळ्यात शेवटी. क्रम उलटा केलात तर कापलेली कडा कंप्रेसर पुन्हा ओढून गुळगुळीत करतो आणि मग हाती काहीच लागत नाही.

गेट कधी उघडायचं हे जवळच्या कोरड्या स्नेअरवरून ठरवा; गेटला इशारा देणारी ही वेगळी वाट म्हणजे साइडचेन. दाबलेल्या घुमाऱ्यावरून ठरवलंत तर सगळ्याच आवाजांची पातळी सारखी झालेली असते; स्नेअर कुठला आणि हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) कुठला हे गेटला कळत नाही. तरीही हाय-हॅटनं गेट उघडत असेल, तर साइडचेनवर फिल्टर लावून २०० हर्ट्झच्या आसपासचाच भाग ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा होल्डचा, म्हणजे दार किती वेळ उघडं राहणार याचा. ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमनं, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या मात्रांनी, भागा. १०० चा ठेका असेल तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, अर्धी ३००. होल्ड आणि रिलीज (इथे दार मिटायला लागणारा वेळ) मिळून ३०० ला संपू द्या: होल्ड २७०, रिलीज ३०. घुमारा अर्ध्या मात्रेवर तुटला की ती शांतताही ठेक्यात बसते. भलत्याच ठिकाणी तुटला तर ड्रमर अडखळतोय असं वाटतं. रिलीज शून्यावर नेलात तर प्रत्येक ठोक्यामागे टिक्‌ असा आवाज येईल. गेट फडफडत असेल तर हिस्टेरेसिस, म्हणजे उघडायच्या आणि बंद व्हायच्या पातळीतलं अंतर, ४ ते ६ डेसिबल ठेवा.

बास ड्रम या चॅनेलवर पाठवू नका, खालचा भाग गढूळ होतो. आणि पातळी ठरवताना स्नेअर एकटा वाजवून बघू नका. एकटा ऐकला की तो नेहमीच कमी वाटतो, आणि बास-गिटारसकट वाजवला की गायकाच्या डोक्यावर बसतो. गाणं पूर्ण चालू ठेवा, घुमाऱ्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, तळापासून वर आणा, आणि तो बंद केल्यावर चुकल्यासारखं वाटेल तिथे थांबा.