खडक फोडून घडवलेले मैदान

एका बाजूला अटलांटिकच्या लाटा, दुसऱ्या बाजूला तळे आणि दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेला हा हिरवा आयत म्हणजे फेरो बेटांवरील आइयी गावाचे जुने फुटबॉल मैदान. आता येथे पर्यटकांचे तंबू आणि गाड्या उभ्या असतात. गावाचा खेळ दुसऱ्या मैदानावर गेला आहे.

डेन्मार्कच्या राज्यातील या स्वायत्त प्रदेशात बेटे अठरा, माणसे सुमारे 54 हजार आणि सपाट जमीन फारच थोडी. डोंगरउतारांवर गवत मुबलक, पण ते मेंढ्यांचे! 1988 मध्ये फिफाचे सदस्यत्व मिळाले, तेव्हा आंतरराष्ट्रीय सामन्यास चालेल असे गवताचे मैदान देशात नव्हते. त्यामुळे 12 सप्टेंबर 1990 रोजी ऑस्ट्रियाविरुद्धचा युरो पात्रता स्पर्धेतील पहिलाच सामना ‘घरचा’ म्हणून स्वीडनमधील लांड्सक्रोना येथे खेळावा लागला. गोलजाळ्यापुढे गोंड्याची लोकरी टोपी घातलेला येन्स मार्टिन क्नुदसेन उभा होता; एरवी तो फोर्कलिफ्ट चालवी. टोर्किल निल्सनच्या एकमेव गोलवर फेरो जिंकले.

आता टोफ्टिर. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराचा खडक सुरुंगांनी फोडून सपाटी केलेले हे स्वांगास्कार स्टेडियम. 1991 मध्ये येथे गवताचे मैदान तयार झाले आणि राष्ट्रीय संघाला अखेर स्वतःच्या भूमीवर पाहुण्या संघाचे स्वागत करता आले. राजधानीतील स्टेडियमचे कौतुक पुष्कळ होते, परंतु पहिला मान या हजारभर वस्तीच्या गावाचा आहे, हे विसरता कामा नये. पुढे 1999 मध्ये राजधानी टोर्सहाव्नला टोर्सव्होल्लुर स्टेडियम उभे राहिले आणि मोठे सामने तिकडे गेले.

बेटांवर आज बहुतेक सामने कृत्रिम गवतावरच होतात. खेळाडूचा बूट टेकताच प्लास्टिकच्या पात्यांमधून रबराचे काळे कण उसळतात. सततच्या पावसात नैसर्गिक गवताचा चिखल होई, तेथे आता लहान मुलांनाही वर्षातील बहुतेक महिने सराव करता येतो. अशाच मैदानांवर घडलेल्या क्लाक्सविकच्या संघाने 2023 मध्ये हंगेरीच्या फेरेन्सव्हारोशला बुडापेस्टमध्ये 3-0 असे हरवले आणि त्याच मोसमात युरोपीय क्लब स्पर्धेची गटफेरी गाठणारा तो पहिला फेरो संघ ठरला.