प्रमाणपत्र हजेरीचं नको, हाताचं हवं

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या देशात साठी ओलांडलेल्या शंभर माणसांमागे सात ते आठ जणांना डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू ओसरत जाण्याचा आजार आहे. देशभरच्या पाहणीतला नेमका आकडा 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. यातली बहुतेक घरातच राहतात. घरचे कामावर जातात, मग कोणीतरी मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोला फोन करतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक मावशी उभ्या असतात. हातातल्या पिशवीत प्रमाणपत्राची झेरॉक्स असते. आपण ती बघतो, घडी घालून परत देतो. त्या कागदामागे काय असायला हवं, ते आज सांगायचं आहे.

रुग्णसहायकाच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात बीपी मोजणं, कूस बदलणं, डायपर, नळीतून जेवण, पाठीला जखम होऊ न देणं हे सगळं असतं, आणि ते लागतंच. पण डिमेन्शियाचा माणूस बरेचदा चालता-फिरता असतो. अंगात ताकद असते. तो विचारतो, "तू कोण? माझ्या घरात काय करतेस?" तेव्हा काय बोलायचं, हात कुठे ठेवायचे, किती थांबायचं, हे वाचून येत नाही. ते करून बघावं लागतं आणि करताना कोणीतरी आपल्याकडे बघत असावं लागतं.

म्हणून चांगल्या वर्गात प्रसंग उभे करतात. त्यातला एक मला फार आवडतो, तो जरा सविस्तर सांगायला हवा.

एक प्रशिक्षणार्थी होतो अण्णा, दुसरी होते मावशी, तिसरी कागद-पेन घेऊन फक्त बघत बसते. अण्णा म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, वय 78. घरच्यांच्या तक्रारी दोन. आंघोळीला हात लावू देत नाहीत, उलट हात उगारतात. आणि पहाटे चारला उठून दाराची कडी काढतात.

पहिली फेरी. मावशी मागून येतात, शर्टाच्या बटणाला हात घालतात आणि एका दमात म्हणतात, "चला अण्णा, आंघोळ करून घेऊ, पाणी गार होतंय, नाश्ता थांबलाय, अकराला डॉक्टरांकडे जायचंय." अण्णा झालेला मुलगा हात झटकतो. अभिनय म्हणून नाही, त्याला खरोखरच राग येतो. बघणारीच्या कागदावर तीन नोंदी झालेल्या असतात: मागून आल्या, एका दमात चार गोष्टी सांगितल्या, उत्तराची वाट न बघता बटणाला हात घातला. अनोळखी बाई मागून येऊन आपली बटणं काढायला लागली तर कोणीही हात उगारेल. "पेशंट मारकुटा आहे" हा शिक्का तिथेच पुसला जातो.

दुसऱ्या फेरीआधी मावशींच्या हातात एक पान देतात, अण्णांचा जीवनपट. कोणत्या नावाला ओ देतात, काम काय केलं, कधी उठायचे, आंघोळ कशी करायचे, कोणता देव, कोणती गाणी, भीती कशाची. त्यात लिहिलेलं असतं की नोकरीभर पहाटेच्या पहिल्या गाडीची ड्युटी. चारला उठून आंघोळ, बादली आणि तांब्या. आता फ्लॅटमध्ये शॉवर आहे, गुळगुळीत चकचकीत फरशी आहे आणि आंघोळीची वेळ मुलाच्या सोयीने दहाची.

आता मावशी समोरून येतात, दोन हात लांब थांबतात, खुर्चीवर बसून नजर अण्णांच्या नजरेच्या पातळीला आणतात. "नमस्कार अण्णा." मग थांबतात, मनातल्या मनात दहा आकडे मोजतात. डिमेन्शियात शब्द कानावर पडले तरी उमगायला आणि उत्तर जुळवायला वेळ लागतो. आपण मध्येच दुसरं वाक्य टाकलं की पहिलं निसटतं. एका वेळी एक वाक्य, आणि दहा आकडे थांबायचं.

"पहिली गाडी किती वाजताची असायची?"

अण्णा म्हणतात, "पाच चाळीसची."

"आणि आंघोळ?"

"त्याच्या आधी."

इथे वर्गात दर वेळी वाद होतो: हे खोटं बोलणं झालं का? नाही. गाडी आली आहे असं मावशी म्हणाल्या नाहीत. त्यांनी अण्णांना त्यांच्याच आयुष्याबद्दल विचारलं. हा फरक प्रशिक्षकाने ठसवायलाच हवा, कारण खोट्याची सवय लागली की पुढची मावशी "मुलगा खालीच आलाय" सांगून दिवसभर झुलवत ठेवते.

मग न्हाणीघर. अण्णांना आत आणण्याआधी बादली भरलेली हवी, नळाच्या धारेचा आवाज अंगावर येतो. पाणी कोपराने तपासायचं, कोमट लागलं पाहिजे. खाली रबरी बूट असलेला स्टूल. दारातलं काळं पायपुसणं उचलायचं. त्यांच्या डोळ्यांना तिथे खड्डा दिसतो, म्हणून पाऊल अडतं आणि आपण म्हणतो हट्ट करतात. आतली कडी काढून टाकायची. खांद्यावर टॉवेल राहू द्यायचा, भिजला तर भिजला, लाज झाकली जाते. पाणी पायांपासून सुरू करायचं, डोक्यावरून कधीच नाही. तांब्या अण्णांच्या हातात द्यायचा. पहिला तांब्या त्यांनी ओतला की पुढचे हात आपोआप चालतात, कारण कितीतरी वर्षांची सवय हातात अजून शाबूत असते. नाही म्हणाले तर मागे व्हायचं, वीस मिनिटांनी पुन्हा यायचं. डोक्यावरून आंघोळ रोज झालीच पाहिजे असं नाही. काखा, जांघा, हात-पाय ओल्या फडक्याने पुसून कोरडे केले तरी त्या दिवसाचं काम झालं.

आणि पहाटे चारची कडी? रात्रपाळीच्या मावशींनी चारला दिवा लावायचा, चहा द्यायचा. जमलं तर आंघोळही तेव्हाच. शिवाय अण्णांच्या खिशात घरचा फोन नंबर, मावशींकडे अलीकडचा फोटो, आणि आज कोणता शर्ट घातला याची रोज वहीत नोंद.

(जाता जाता एक. अशा घरात दिवसभर बातम्यांचा चॅनल लावून ठेवू नका. आग, मारामारी, आरडाओरडा, हे सगळं आपल्याच दिवाणखान्यात चाललंय असं त्यांना वाटू शकतं. रेडिओवर जुनी गाणी लावा. मी रेडिओवरून बोलतोय म्हणून नाही, हे मी कुठेही सांगेन.)

तिसरी फेरी परीक्षेची. प्रशिक्षक हळूच सांगतात, "कालपासून अण्णा दिवसा झोपून असतात, मुलाला ओळखत नाहीत, असंबद्ध बोलतात." अर्धा वर्ग म्हणतो, आजार वाढला. हे उत्तर चूक. डिमेन्शिया सहसा महिनोन्‌महिने सरकतो, तो एका रात्रीत उडी मारत नाही. अचानक बदल दिसला की आधी शरीर बघायचं: लघवीला जळजळ होते का, शौचाला कधी झाली, पाणी किती गेलं, ताप आहे का, पडले होते का, नवीन गोळी सुरू झाली का. आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. पुन्हा सांगतो, अचानक बदल म्हणजे आधी शरीर. मनाने झोपेची गोळी वाढवणं सगळ्यात धोक्याचं. हे ज्या मावशींना उमगलं नाही त्यांना प्रमाणपत्र देऊ नये, बाकी सगळं येत असलं तरी.

हे खर्चिक वाटतं का? डिमेन्शियाच्या घरांना मदत देऊन बघणारा गोव्यातला एक अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. दोन तालुक्यांत 81 कुटुंबं घेतली होती. घरी जाणारे सल्लागार तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते, आणि त्यांच्या पाठीशी समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ होते. ज्या घरांत ते गेले तिथे सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं, वागण्यातल्या अडचणींचा त्रास कमी झाला. रुग्णाच्या स्वतःच्या लक्षणांत मात्र ठळक फरक दिसला नाही, आणि तसा दावाही कोणी करू नये. यात माझ्या मते महत्त्वाचं आहे ते "पाठीशी" असणं. प्रमाणपत्र दिलं आणि मावशींना एकटं सोडलं तर पहिल्याच अवघड रात्री त्या काम सोडतात. नियमित बैठक हवी, वही उघडून बोलायला कोणीतरी हवं. वहीत चारच रकाने: वेळ, आधी काय घडलं, मग काय झालं, कशाने शांत झाले. आठवड्याभरात त्यातून नक्षी दिसायला लागते.

आपल्याकडे नर्सला नोंदणी लागते, घरी येणाऱ्या मदतनिसाला ती सक्तीची नाही. त्यामुळे पारख आपल्यालाच करायची आहे. ब्युरोला विचारा, परीक्षा लेखी होती की काम करताना बघून घेतली? कोणी बघितलं? डिमेन्शियाच्या किती घरांत काम झालं? आणि मावशींना एकच प्रश्न: "आंघोळीला नाही म्हणाले तर काय कराल?" "समजावून नेते" हे उत्तर आलं तर शिकायचं बाकी आहे. "थोड्या वेळाने येते" असं आलं तर त्यांना ठेवून घ्या.

चोवीस तासांची एकच मावशी ठेवू नका. रात्री चारदा उठलेल्या माणसाला सकाळी दहा आकडे थांबणं जमत नाही. बारा-बारा तासांच्या दोघी ठेवा, आठवड्याला एक सुट्टी द्या. बदलीच्या मावशी येणार असतील तर आदल्या दिवशी जुन्या आणि नव्या, दोघींना एक तास एकत्र बसवा. जीवनपट आणि वही मध्ये ठेवा, अण्णाही तिथेच असू देत. त्या तासाचे पैसे दोघींनाही द्या.