पेटी कुणाची?

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकेतल्या साउथ डकोटात ऑस्कर मिशो नावाचा एक कृष्णवर्णीय शेतकरी होता. माळरान फोडून शेती केली, आपल्याच आयुष्यावर कादंबरी लिहिली आणि दारोदार फिरून विकली. १९१८ च्या सुमारास एका चित्रपट कंपनीने कादंबरीचे हक्क मागितले. ही कंपनीही कृष्णवर्णीयांचीच. मिशो म्हणाला, देतो, पण दिग्दर्शन मी करणार. कंपनी नको म्हणाली. मग हा गडी आयोवातल्या ज्या शेतकऱ्यांना पुस्तकं विकली होती त्यांच्याकडेच परत गेला आणि या खेपेला त्यांना आपल्या नव्या कंपनीचे शेअर विकले! १९१९ मध्ये चित्रपट पडद्यावर आला.

पुढे त्याने चाळीसच्या वर चित्रपट काढले. फिल्मच्या पेट्या घेऊन गावोगाव थिएटरमालकांना भेटायचं, पुढच्या चित्रपटाचे फोटो दाखवायचे, आगाऊ रक्कम घ्यायची आणि त्यातून तो पुढचा चित्रपट करायचा. १९२८ साली दिवाळं निघालं. तरी थांबला नाही, मात्र नंतरचं भांडवल गोऱ्या थिएटरवाल्यांचं होतं.

मला यात कलेइतकाच धंदा दिसतो. चित्रपट करता येणं ही एक गोष्ट, तो लोकांपर्यंत नेणारी पेटी आपल्या हातात असणं ही दुसरी. तिथेच गाडं अडतं.

एव्हा ड्युव्हर्ने हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय दिग्दर्शिका. मूळची चित्रपटांच्या प्रसिद्धीचं काम करणारी, त्यामुळे वितरणाच्या खाचाखोचा तिला ठाऊक. पहिला कथापट पन्नास हजार डॉलरमध्ये केला. तिकडे एवढ्यात काही होत नाही. वितरकांच्या दारात बसण्याऐवजी तिने कृष्णवर्णीय चित्रपट महोत्सव चालवणारी मंडळी एकत्र आणली आणि २०११ मध्ये चित्रपट थिएटरांत लावला. ती वितरणसंस्था आज 'अरे' या नावाने चालते. (मराठी कानाला हे नाव हाक मारल्यासारखं वाटतं, त्याला माझा इलाज नाही.)

पण तिची मला सर्वांत आवडलेली करामत टेलिव्हिजनवरची. मालिकेचा भाग दिग्दर्शित करायला मिळावा म्हणून आधी एखादा भाग केलेला असावा लागतो. म्हणजे पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही! लुइझियानातल्या एका ऊसकरी कुटुंबावरची तिची 'क्वीन शुगर' ही मालिका २०१६ ते २०२२ अशी सात पर्वं चालली. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्यांना जवळचाच विषय. सातही पर्वांच्या दिग्दर्शक फक्त स्त्रिया, आणि बहुतेकींचा टेलिव्हिजनवरचा तो पहिलाच भाग. नावावर एक भाग लागला, की पुढची कामं दुसरीकडूनही येऊ लागतात.

या दिग्दर्शिकांत ज्यूली डॅश होत्या. १९९१ चा त्यांचा कथापट अमेरिकेत थिएटरांत प्रदर्शित झाला. कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीने दिग्दर्शित केलेला असा तो पहिलाच. तो गाजला, नावाजला गेला. आणि पुढच्या पंचवीस वर्षांत थिएटरसाठी दुसरा कथापट त्यांच्या वाट्याला आला नाही. टेलिव्हिजनचं काम केलं, शिकवलं. अशा बाईला कार्यशाळा आणि मार्गदर्शन देऊन काय करायचं? तिला हवा पुढच्या कामाचा करार.

२०२३ मध्ये ड्युव्हर्नेने 'ओरिजिन' केला. विषय जात, आणि त्यात चक्क आपले बाबासाहेब आहेत. नांदेडचे अभ्यासक सूरज एंगडे त्यात स्वतःच्याच भूमिकेत दिसतात. या चित्रपटाला पैसा फोर्ड फाउंडेशनसारख्या देणगी देणाऱ्या संस्थांकडून उभा राहिला. माणसं वेगळी, पण खटपट मिशोचीच.

मिशोचे बरेचसे चित्रपट आज नाहीत. त्याचा १९२० चा एक चित्रपटही हरवल्यातच जमा होता. सत्तरच्या दशकात त्याची एक प्रत सापडली, तीही स्पेनमध्ये. मूकपटच तो, पण पडद्यावरच्या संवादांच्या पाट्या जवळपास सगळ्या स्पॅनिशमध्ये. त्या पुन्हा इंग्रजीत कराव्या लागल्या, तेव्हा कुठे अमेरिकेला आपलाच चित्रपट वाचता आला.

नमस्कार.