तांदळाच्या गोणीवरचं इंग्रजी

[दृश्य: डोंगरउतारावरची शाळा, पत्र्याचं छप्पर, प्रार्थनेच्या रांगा]

नेपाळमधला लमजुंग जिल्हा. इथल्या सरकारी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे. ते शिकवायला परदेशी स्वयंसेवक येणंही नवं नाही. अमेरिकी सरकारच्या पीस कोअर या स्वयंसेवक संस्थेची पहिली तुकडी नेपाळात १९६२ सालीच उतरली. आजचे बरेचसे स्वयंसेवक काही आठवड्यांसाठी येतात. हाताशी इंग्रजी शिकवण्याचं १२० तासांचं ऑनलाइन प्रमाणपत्र असतं. खऱ्या मुलांसमोर उभं राहण्याचा सराव त्यात बहुधा नसतोच.

[दृश्य: ओसरीवर पसरलेली गोणी, कात्री, मेणबत्ती]

प्रोजेक्टर नाही, आणि पावसात विजेचा भरवसा नाही. म्हणून वर्गात चित्रं दाखवायला ही तांदळाची प्लॅस्टिकची गोणी. ३० किलोची घ्यायची. बाजूची आणि तळाची शिवण उसवली की साधारण मीटरभर लांब-रुंद तक्ता मिळतो. छापील बाजू मागे. कापलेल्या कडेचे धागे सुटतात, म्हणून ती मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झरझर फिरवायची. हात रेंगाळला तर भोक पडतं.

गोणी धुऊन, वाळवून मगच रंगाला हात लावायचा, कारण तांदळाची पूड राहिली तर शाई धरत नाही. पुस्तकातल्या चित्रावर एक सेंटिमीटरचे चौकोन, गोणीवर दहा सेंटिमीटरचे. एकेक चौकोन उतरवत गेलं की चित्रकला न येणाऱ्यालाही बकरी काढता येते. अक्षरं पाच सेंटिमीटर उंच, काळी किंवा निळी. पिवळं शेवटच्या बाकावरून दिसत नाही. वर-खाली बांबूची काठी. रंग पुरता सुकण्याआधी गुंडाळली, तर चित्राचा ठसा गोणीच्या पाठीवर उमटतो आणि पुन्हा पहिल्यापासून!

[दृश्य: सहावीचा वर्ग, तक्ता टांगलेला, दोघं शिक्षक]

नवं वाक्य मुलांनी आधी फक्त ऐकायचं, तीन वेळा. मग ते म्हणायचं: आधी अख्खा वर्ग, मग एक रांग, मग एकेक मूल. वाक्य लांब असेल तर शेपटाकडून: ‘एव्हरी डे’, ‘टू स्कूल एव्हरी डे’, ‘आय वॉक टू स्कूल एव्हरी डे’. असं केलं की शेवटचे शब्द पुटपुटण्यात जात नाहीत.

घोळ इथेच होतो. एका सुरात पन्नास मुलं बरोबर बोलतात, आणि त्यातल्या किती जणांना कळलं हे त्या सुरात झाकलं जातं. ‘समजलं का?’ विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘यस सर!’ त्याऐवजी बकरीवर बोट ठेवून ‘इज इट अ काऊ?’ विचारावं. नेपाळी बोलण्यात ‘श’ आणि ‘स’ एकच होतात. म्हणून ‘शिप’ आणि ‘सिप’ची जोडी रोज दोन मिनिटं, त्याहून जास्त नको.

व्याकरण नेपाळी शिक्षक नेपाळीतच समजावतात. ते योग्यच आहे. तासाची आखणी दोघांनी आदल्या दिवशी करायची, कोण कधी बोलणार हे कागदावर लिहून. परदेशी पाहुणा एकटा वर्ग घेतो आणि स्थानिक शिक्षक बाहेर उन्हात बसतात, ही मदत नव्हे, अडथळा आहे.

[दृश्य: रस्त्यावरची बस, पाठीवर सॅक]

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, आणि मराठी माणसाला फळ्यावरची देवनागरीही वाचता येते. इतरांसाठी पर्यटक व्हिसा वर्षाला जास्तीत जास्त १५० दिवसांचा, आणि त्यावर बिनपगारी कामही चालत नाही. ‘अनाथाश्रमात शिकवा’ असं आमंत्रण आलं तर सरळ नाही म्हणावं. देणग्यांसाठी आईबाप असलेली मुलंही तिथे आणून ठेवली गेली आहेत.

[दृश्य: कपाटात रचलेल्या गुंडाळ्या]

प्रत्येक गोणीच्या पाठीवर इयत्ता आणि पाठाचा क्रमांक. निघण्याआधीचे दोन आठवडे वर्ग पूर्णपणे स्थानिक शिक्षकांकडे. स्वयंसेवकानं मागच्या बाकावर बसून टिपणं काढायची, आणि जे बोलायचं ते तास संपल्यावर, मुलांच्या माघारी.